फिशिंग आणि अँगलिंग: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साकोली तालुक्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. संध्याकाळी त्याच जागेत दहावी-बारावीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी चालते. आमचा मुलूख तलावांचा, त्यामुळे मत्स्य संस्थांचे कागद आणि शाळेची पुस्तकं एकाच टेबलावर येऊन पडतात, आणि दोन्हींतून हे दोन शब्द सारखे डोकं वर काढतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते टाइप करून कंटाळलो, म्हणून सगळं इथे लिहून ठेवतो. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. सर, फिशिंग म्हणजे पण मासेमारी आणि अँगलिंग म्हणजे पण मासेमारी. मग दोन शब्द कशाला?

मराठी अर्थ शोधायला गेलात तर दोन्हींपुढे तोच एक शब्द सापडतो, म्हणून हा घोटाळा होतो.

फिशिंग म्हणजे मासे धरायचा कोणताही खटाटोप. फेकजाळं, ओढजाळं, कामट्यांचा सापळा, भाला, नाहीतर उन्हाळ्यात डबकं आटल्यावर नुसते हात, सगळं त्यात येतं. अँगलिंग म्हणजे फक्त गरीने मासा धरणं. दोरी, दोरीच्या टोकाला गरी, गरीला गांडूळ किंवा कणकेची गोळी, आणि बहुतेक वेळा हातात काठी. (आमच्याकडे गरी म्हणतात, पुस्तकात गळ. वस्तू एकच.)

गरीला मरळ लागली तर ते फिशिंगही झालं आणि अँगलिंगही. ओढजाळ्यात रोहू-कतला आले तर ते फक्त फिशिंग.

२. म्हणजे गरी दिसली की अँगलिंग, एवढं पाठ केलं तर पुरेल का?

परीक्षेपुरतं पुरेल. पण अँगलिंग या शब्दाला हौसेचा वास आहे. रविवारी काठी, खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन पाळीवर बसणारा माणूस त्या शब्दातून डोळ्यापुढे येतो. समुद्रात मैलोगणती दोर सोडून त्याला शेकडो गऱ्या बांधतात, तिथेही मासा गरीलाच लागतो, तरी त्याला कोणी अँगलिंग म्हणत नाही. तो धंदा आहे.

उलट बाजूही बघा. इंग्रजी बोलणारा हौशी माणूस घरातून निघताना ‘मी फिशिंगला चाललो’ असंच सांगतो. अँगलिंग हा शब्द बोलण्यात कमी येतो. तो क्लबच्या नावात, स्पर्धेच्या पत्रकात आणि परवान्यावर जास्त दिसतो. म्हणून ‘फिशिंग म्हणजे पोटासाठी, अँगलिंग म्हणजे मौजेसाठी’ असं सरळ दोन ढिगांत वाटू नका. फिशिंग दोन्हीकडे चालतं, अँगलिंग मात्र सहसा मौजेकडेच राहतं.

३. अँगल म्हणजे तर कोन. भूमितीचा आणि माशाचा काय संबंध?

हा प्रश्न नववीतल्या एका पोरीने विचारला होता. त्यावर वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा तिचा भाऊ म्हणाला, ‘अँगल म्हणजे लोखंडाचा, दोन बाय दोनचा.’ आमच्या गावात अँगल म्हटलं की खरंच तोच आठवतो, गोठ्याच्या शेडला लावतात तो.

कोन या अर्थाचा अँगल लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. माशांचा अँगल इंग्रजीच्या घरचाच, जुन्या इंग्रजीतला, आणि त्याचा अर्थ नुसता गळ, म्हणजे वाकवलेला आकडा. १४९६ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या एका पुस्तिकेच्या शीर्षकाचा अर्थच मुळी ‘अँगलने केलेलं फिशिंग’ असा आहे. तिथे अँगल म्हणजे कोन धरला तर वाक्य कोसळतं, गळ धरला की नीट बसतं.

आणखी खाली खणलं तर भाषातज्ज्ञ या दोन्ही शब्दांचं मूळ ‘वाकणे’ या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपर्यंत नेतात. आपला संस्कृतातला अंकुश त्याच घराण्यातला. म्हणजे माहुताच्या हातातली ती वाकडी आकडी आणि इंग्रजांचा गळ लांबचे भाऊबंद निघाले. मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते, पण परीक्षेत कोणी विचारत नाही.

४. फॉर्ममध्ये व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू? फिशरमन, फिशर का अँगलर?

तलावावर किंवा नदीवर पोट असेल तर अँगलर कधीच लिहू नका. हे मी स्वतः चूक करून शिकलो.

किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्य व्यवसायालाही मिळू लागलं. तेव्हा एक ढीवर मावशी अर्ज भरायला आल्या. चाळीस वर्षं जाळं विणण्यात आणि बाजारात टोपली घेऊन बसण्यात गेलेली बाई. रकाना इंग्रजीत होता. फिशरमनमध्ये ‘मॅन’ आहे, बाईला ते कसं लावायचं, म्हणून मी हुशारी केली आणि अँगलर लिहिलं. शब्द जरा भारदस्तही वाटला. तीन आठवड्यांनी कागद परत आला, त्यावर शेरा होता: ‘अर्जदाराचा व्यवसाय हौशी स्वरूपाचा दिसतो, खुलासा करावा.’ मावशींना मी तो शेरा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘हौस? मास्तर, पानी किती थंडं रायते पहाटचं, मालूम हाये का?’ दुसरा अर्ज मी माझ्या पैशाने भरला.

बाई असो की पुरुष, फिशर हा शब्द दोघांना चालतो, आणि आंतरराष्ट्रीय कागदांतही आता तोच रुळला आहे. फिशरमन चूक नाही, जुना आहे. फिशरवुमन लिहिलं तरी हरकत नाही. रकाना मराठीत असेल तर सरळ ‘मासेमारी’ किंवा ‘मत्स्य व्यवसाय’ लिहा आणि संस्थेचे सभासद असाल तर तेही जोडा. स्वतःच्या तळ्यात मासे वाढवत असाल तर आधी प्रश्न ८ वाचा.

५. तलावावरच्या पाटीवर इंग्रजीत एक आणि मराठीत दुसरंच लिहिलं आहे. खरं कोणतं मानायचं?

पाटी ज्याने लावली त्याला विचारायचं. पण असा गोंधळ कसा होतो ते सांगतो, कारण एक मी जवळून पाहिला.

आमच्या पट्ट्यातला एक मामा तलाव. बाहेरच्यांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या म्हणजे इकडच्या जमीनदारांच्या ताब्यातला. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नाव राहिलं. या तलावात मासे धरायचा ठेका गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे. काठावर बगिचा झाला, शहरातून लोक यायला लागले, काहींनी काठ्या आणल्या. एका रविवारी कोणाची तरी गरी मागे उभ्या पोराच्या शर्टात अडकली, कातडीला लागता लागता राहिली. मग पाटी आली. वरच्या ओळीत इंग्रजीत अँगलिंगला बंदी, खालच्या ओळीत मराठीत ‘मासेमारी करण्यास सक्त मनाई’.

नवा चौकीदार पाटी वाचूनच कामाला लागला. पहाटे संस्थेचे दोघे सभासद डोंगा पाण्यात लोटत होते, त्याने त्यांना अडवलं. मला फोन आला. मी जाऊन इंग्रजी ओळ वाचून अर्थ सांगितला. चौकीदार म्हणाला, ‘मले इंग्रजी समजत नाही जी. मराठीत लिवलं हाये ना.’ आणि तो बरोबरच होता. सचिव ठेक्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीतून काढेपर्यंत ऊन वर आलं होतं. त्या दिवशी आठवडी बाजार होता, तो हुकला.

नंतर मी मराठी ओळ सुचवली: ‘गळ टाकून मासे धरण्यास मनाई’. पेंटरने रंगवलं, ‘गाळ टाकून मासे धरण्यास मनाई’. आठवडाभर सगळं गाव हसलं. शेवटी ब्लेडने काना खरवडला. पाटीजवळ गेलात तर ग आणि ळ यांच्या मधली फिकट उभी रेघ अजून दिसते.

६. ‘नो फिशिंग’ लिहिलेलं आहे. जाळं नाही, नुसती गरी टाकली तर चालते का?

नाही. फिशिंगच्या पोटात अँगलिंग आहे (प्रश्न १), त्यामुळे फिशिंगला बंदी म्हणजे गरीलाही बंदी. ‘नो अँगलिंग’ असेल तर शब्दापुरती बंदी फक्त गरीवर पडते. पण त्यातून जाळ्याला मोकळीक मिळते असं समजू नका. तलावाचा ठेका कोणाचा आहे ते पाटीवर लिहिलेलं नसतं, आणि दुसऱ्याच्या ठेक्यात जाळं टाकणं ही वेगळीच भानगड आहे.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांचा मामला याहून कडक. तिथे वन्यजीव कायदा लागतो आणि ‘मी तर हौशी’ हे कारण कामाचं नाही. परवाना बघतानाही शब्द बघा. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पेंचमधल्या तोतलाडोह जलाशयाचं प्रकरण आलं होतं. मध्य प्रदेश सरकारने विस्थापित गावकऱ्यांना ३०५ फिशिंग परमिट दिली होती, त्यावर आक्षेप होता. ती पोटासाठीची परमिटं होती. न्यायालयाने कडक अटी घालून ती राहू दिली. कुठे अँगलिंग परमिट मिळत असेल तर ते पाहुण्यासाठी, काठीपुरतं असतं. एकावर दुसऱ्याचं काम होत नाही.

७. मासा धरून परत पाण्यात सोडला, तर त्याला मासेमारी म्हणायचं का?

इथे खरी अडचण आपल्या शब्दाची आहे. इंग्रजी ‘फिश’ या क्रियापदात मरण नाही. दिवसभर बसून एकही मासा लागला नाही तरी त्या माणसाने फिशिंग केलंच. मासा धरला, फोटो काढला, सोडून दिला, तरी फिशिंग. अँगलिंगच्या क्लबांत तर अशी सोडायची रीतच असते.

मराठीत ‘मारी’ शब्दातच बसली आहे. ‘मासेमारी केली आणि सगळे मासे जिवंत सोडले’ हे वाक्य कानाला खटकतं. ‘मासे मारून सोडून दिले’ म्हटलं तर लोक तुमच्या तोंडाकडे बघतील. म्हणून भाषांतर करताना मी पोटाच्या धंद्याला मासेमारी ठेवतो आणि धरून सोडायच्या खेळाला ‘गळाने मासे धरणे’ लिहितो. आपले लोक बोलताना तसाही ‘मासे धराले गेला’ म्हणतात. तिथे मारायचं की सोडायचं ते उघडं राहतं, आणि मला वाटतं फिशिंगच्या जास्त जवळ हेच आहे.

८. माझ्या शेततळ्यातले मासे मी ओढजाळ्याने काढले. हे फिशिंग झालं का?

जाळं तेच, पाणी तसंच, मासाही तोच, तरी इंग्रजीत याला सहसा हार्वेस्टिंग म्हणतात. धान कापतो त्याला जो शब्द, तोच. कारण ते मासे तुम्ही सोडले, खाऊ घातले, ते तुमचे आहेत. अशा शेतीला अ‍ॅक्वाकल्चर किंवा फिश फार्मिंग, मराठीत मत्स्यपालन किंवा मत्स्यशेती. जे कोणाचेच नाहीत, वैनगंगेत आपोआप वाढले, ते धरणं म्हणजे फिशिंग.

मग मामा तलावाचं काय? संस्था दरवर्षी रोहू, कतला, मृगळ यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून तलावात सोडते, पण खाद्य बहुतेक टाकत नाही. मासे तलावाचंच खाऊन वाढतात. सोबत मरळ, शिंगी, बाम, झिंगे यांना कोणीच सोडलेलं नसतं, ते पावसाच्या पाण्यासोबत येतात. एकाच ओढीत जाळ्यात सोडलेलेही येतात आणि आपोआप आलेलेही. याला इंग्रजीत मधलं नाव आहे, कल्चर-बेस्ड फिशरी, म्हणजे बीज माणसाचं आणि वाढ तलावाची. योजनेच्या फॉर्ममध्ये ‘कॅप्चर’ (आपोआप वाढलेले धरणं) आणि ‘कल्चर’ (सोडून वाढवणं) असे दोन चौकोन असले की सभासद याच ठिकाणी अडतात. आम्ही ठेक्याच्या कागदावर बीज सोडायची अट आहे का ते बघतो आणि सोबत एक ओळ लिहून जोडतो. नुसती टिक मारून मोकळे होऊ नका.

९. नाल्यात करंट सोडून मासे धरतात, ते कोणत्या शब्दात बसतं?

शब्दाने ते फिशिंगच. इंग्रजीत इलेक्ट्रोफिशिंग, ब्लास्ट फिशिंग असे शब्दच आहेत, कारण फिशिंगला साधनाचं सोयरसुतक नाही. शब्दात बसलं म्हणून कायद्यात बसलं असं मात्र नाही. स्फोटकं लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यातच गुन्हा ठरवलं आहे. आणि करंटच्या नाल्यात उतरलेली माणसं गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात आपण वाचतोच. अँगलिंग हा शब्द इथे कुठल्याच वाटेने लागत नाही.

१०. तलावाच्या ठेक्याची केस चालू आहे. वकिलाच्या कागदात ‘फिशिंग एन्क्वायरी’ लिहून आलं. म्हणजे कोर्टाने माशांची चौकशी लावली का?

नाही हो. प्रकरण तलावाचं असल्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे, आणि हा प्रश्न विचारणारे सचिव त्या दिवशी मासळीच्या वजनाची सगळी रजिस्टरं घेऊन आले होते. पण या शब्दाचा माशांशी संबंध नाही. हातात नेमकं काही नसताना, ‘जाळं टाकून बघू, काहीतरी सापडेलच’ अशा हिशेबाने समोरच्याचे ढीगभर कागद मागवणं, याला कोर्टाच्या इंग्रजीत फिशिंग किंवा ‘रोव्हिंग अँड फिशिंग एन्क्वायरी’ म्हणतात. समोरच्या पक्षाचा आरोप असा की तुम्ही अंदाजपंचे कागद मागताय. उत्तर काय द्यायचं ते तुमचा वकील सांगेल. कोणता कागद आणि कशासाठी, हे नेमकं लिहिणं एवढं तर दिसतंच आहे.

इथे अँगलिंग एन्क्वायरी असं कधी म्हणणार नाहीत. गरी एका माशासाठी असते, जाळं जे येईल त्यासाठी.

११. ‘ही इज अँगलिंग फॉर अ तिकीट’ आणि ‘ही इज फिशिंग फॉर अ कॉम्प्लिमेंट’ यांत फरक काय?

पहिला माणूस जिल्हा परिषदेच्या तिकिटावर डोळा ठेवून आहे. तोंडाने मागत नाही, पण नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर लावतो, लग्नात पुढे पुढे करतो. त्याला काय हवं ते ठरलेलं आहे. मराठीत आपण ‘गळ टाकून बसला आहे’ म्हणतो, ते अगदी बरोबर बसतं.

दुसरा ‘माझं भाषण काही खास झालं नाही ना?’ असं विचारतो आणि ‘छे छे, मस्त झालं’ ऐकायची वाट बघतो. मराठीत ‘खडा टाकून पाहणे’ त्याच्या जवळचं आहे. माहिती काढण्यासाठी आडून आडून विचारणं, तेही फिशिंगच. फरक बारीक आहे आणि बरेच इंग्रज लेखक एकाच्या जागी दुसरा वापरतात, तेव्हा पेपरात यावरून मार्क कापणाऱ्या मास्तरांशी मी सहमत नाही.

१२. बँकेचा मेसेज आला की ‘फिशिंगपासून सावध राहा’. बँकेला मासे कशाला?

उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं. हे फिशिंग एफने नाही, पी-एचने सुरू होतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत इंटरनेटवरच्या भामट्यांनी हा शब्द पाडला. खोट्या मेसेजचं आमिष लावायचं आणि पासवर्ड ओढायचा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, संदर्भावरूनच ओळखायचं. पैसे गेले असतील तर शब्दात अडकू नका, लगेच १९३० वर फोन लावा.

१३. खंड्याला किंगफिशर म्हणतात, किंगअँगलर का नाही?

कारण खंड्या सूर मारतो, चोचीत मासा धरतो आणि उडतो. गरी नाही, दोरी नाही. अँगलर नावाचा खरा मासा मात्र समुद्रात आहे. त्याच्या डोक्यातून काठीसारखा काटा पुढे आलेला असतो, टोकाला मांसाचा गोळा. छोटा मासा आमिष समजून जवळ आला की गट्ट. खोल समुद्रातल्या जातींत ही काठी मादीच्याच डोक्यावर असते. शिकवणीतल्या पोरांना एवढं एक चित्र दाखवलं की प्रश्न १ पुन्हा समजवावा लागत नाही.

१४. फिशचं अनेकवचन फिश का फिशेस?

दोन्ही. टोपलीत दहा रोहू असतील तर टेन फिश. रोहू, मरळ, बाम अशा जाती मोजायच्या असतील तर फिशेस चालतं.

१५. अँगलिंगला मराठीत एक नीट शब्द सांगा ना. दरवेळी ‘गळाने मासे धरणे’ लांब होतं.

पाटीसाठी आणि कागदासाठी ‘गळ टाकणे’ लिहा, पेंटरच्या शेजारी उभं राहून. बोलण्यात शब्द आधीपासून आहेच. संध्याकाळी शिकवणीला दोन पोरं कमी दिसली आणि विचारलं, तर बाकीचे एका सुरात सांगतात, ‘गरी टाकाले गेले, सर.’